पिवळ्या गाडीचा सांधा

नऊ वाजता पांढरी गाडी बघून झाली होती आणि काम-वेंगला ती आवडली होती. आवडली म्हणजे त्याने तिला पोटभर शिव्या घातल्या होत्या. मागच्या चाकांवरचा पत्रा गंजून चाळणी झालाय, डावी काच अर्ध्यावर अडकते, छपरातून पाणी गळतं, टायमिंग बेल्ट कधी बदलला ते मालकिणीलाही आठवत नाही, मागच्या सीटवर मांजर व्यालेली दिसते. बातू गाजाह गाव सोडल्यापासून त्याचं तोंड बंद नव्हतं. शेजारी गाडी चालवणारी त्याची मुलगी सूक-हान गालातल्या गालात हसत होती. तिला बाप पुरता माहीत होता. तीस वर्षं पत्रा ठोकण्यात घालवलेला हा माणूस ज्या गाडीत दम नसेल तिच्याबद्दल अवाक्षर काढत नसे, नुसते हात पुसून चालू लागे. एवढ्या शिव्या पडल्या म्हणजे गाडी पास.

"दुरुस्त होईल ना पण?" तिने विचारलं.

"होईल. सगळं होईल. गंज काय, दिसतो तो गंज चांगला. कापायचा, नवा पत्रा लावायचा. सहा महिने माझी कंबर मोडेल, दुसरं काय!"

"तरी पिवळी बघितल्याशिवाय मी हो म्हणायची नाही."

"बघ की. बघायला कोण पैसे घेतंय."

सूक-हान एकोणतीस वर्षांची होती आणि मलेशियातल्या इपोहच्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. लोकांचे गुडघे वाकवून आणि पाठी सरळ करून तिने सहा वर्षं पैसे बाजूला टाकले होते ते एकाच गोष्टीसाठी. तिला दोन दारांची जुनी जपानी स्पोर्ट्स कार हवी होती, मागच्या चाकांवर पळणारी, आपल्या हाताने उघडून दुरुस्त करता येईल अशी. नवी गाडी काय, हप्त्यावर कुणीही घेतं, असं ती म्हणे. दर रविवारी सकाळी तिच्यासारखी सात-आठ वेडी माणसं आपापल्या जुन्या गाड्या घेऊन सिंपांग पुलाईच्या घाटातून कॅमेरनच्या थंड डोंगरावर चढत, वर चहा पीत आणि वळणं घेत खाली उतरत. ती आजवर दुसऱ्याच्या गाडीत बसून गेली होती. आता अख्ख्या पेराक राज्यातून चाळून तिने दोन गाड्यांवर बोट ठेवलं होतं. किंमत जवळपास सारखी, वयही सारखंच. कुठली घ्यायची ते बाबांनी खाली वाकून बघितल्यावर ठरणार होतं.

पिवळी गाडी तांजुंग रांबुतानला हमदान मास्तरांच्या पोर्चमध्ये उभी होती. बघताक्षणी सूक-हानच्या तोंडून "अय्या!" निघालं. मास्तर गणित शिकवून निवृत्त झालेले, अंगाने काडीसारखे, आणि गाडीबद्दल बोलताना त्यांचे डोळे नव्या बापासारखे चमकत. एकोणीस वर्षं गाडी त्यांच्याकडे होती. पाऊस असला की बाहेर काढायची नाही, साठच्या वर पळवायची नाही, शुक्रवारी मशिदीत आणि रविवारी बाजारात, संपलं. आता डोळ्याला मोतीबिंदू झाला होता म्हणून नाइलाज. त्यांच्या बायकोने दुधाचा चहा आणि केळीच्या पानातली गोड वडी आणून ठेवली.

"टाउके शेठ, तुम्ही म्हणजे मेंगलेंबूचे फूंग ना? पत्रेवाले?" मास्तर म्हणाले. "नाव ऐकून आहे. तुमच्या कामात चुंबक कधी घसरायचं नाही म्हणतात."

"बाबांनी जन्मात खोटं काम केलं नाही," सूक-हान म्हणाली. तिच्या आवाजात जो तोरा होता तो काम-वेंगला नेहमी मनातून आवडे आणि वरून तो "पुरे गं" म्हणे. तेही म्हणून झालं.

मग त्याने खिशातून फडक्यात गुंडाळलेलं चुंबक काढलं आणि कामाला लागला. पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली असेल तर चुंबक धरत नाही, गळून पडतं. दारं, चाकांच्या वरच्या कमानी, मागचं झाकण, सगळीकडे चुंबकाने घट्ट धरलं. इंजिनाचा आवाज गोड होता. त्याने एकही शिवी दिली नाही. सूक-हानच्या मनात पाल चुकचुकली.

शेवटी त्याने दार उघडलं, बसायची सीट पुढे सरकवली आणि खालच्या गालिच्याची कड उचकटून आत हात घातला. डोळ्याने दिसायची सोय नव्हती, पण पत्रेवाल्याला डोळा कशाला लागतो. बोटं पुढे गेली, थांबली, आणि मग अगदी हळू, एकेका पेरावर, आडवी सरकत गेली.

तिथे सांधा होता. डाव्या दाराखालून उजव्या दाराखालपर्यंत, आख्ख्या गाडीच्या पोटाला आडवा.

वीस-बावीस वर्षांपूर्वी जपानहून कंटेनर भरभरून अर्ध्या गाड्या येत. कुणाचं पुढचं अर्धं, कुणाचं मागचं. इंजिन आणि सुटे भाग काढून घेण्यासाठी त्या यायच्या, पण मेंगलेंबूच्या यार्डांत काही लोकांना वेगळीच अक्कल सुचली. एका गाडीचं तोंड आणि दुसरीचं ढुंगण जोडायचं, रंग मारायचा, भंगारात गेलेल्या गाडीच्या जुन्या कागदांवर विकायची. ज्याला जोडता येतं त्याला तोंडाला येईल ती मजुरी. ज्या वर्षी सगळ्यांचे धंदे बसले त्या वर्षी काम-वेंगलाही जोडता येत होतं. बायकोला तो म्हणाला, ओव्हरटाइम आहे. बायकोने विश्वास ठेवला, कारण नवऱ्याने तिला तोवर कधी फसवलं नव्हतं.

हे सगळं त्याला आत्ता आठवण्याचं कारण बोटाखाली होतं. वेल्डिंगचे मणी एकावर एक रेलत जातात, आणि सगळ्यांचे ज्या बाजूला रेलतात त्याच्या उलट बाजूला हे रेलले होते. काम-वेंग डावखुरा होता. मेंगलेंबूत दुसरा डावखुरा वेल्डर नव्हता.

आणि ही कुठली गाडी तेही त्याला कळलं. सांधा ठरलेल्या जागेपेक्षा चार बोटं पुढे होता, असा त्याने एकच केला होता. चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी केलेलं काम. यार्डाच्या मालकाला गाडी सणाआधी हवी होती. दाराखालच्या पोकळ पट्टीत सांध्याच्या आतून जाड पत्र्याची नळी घालावी लागते, तीच खरी गाडीची कंबर. त्या दिवशी जाड पत्रा संपलेला आणि दुकानं बंद. त्याने नळी घातलीच नाही. कड कडेला लावली, वरून टाके मारले, बाहेरच्या बाजूने तेवढं घासून गुळगुळीत केलं. सणानंतर उघडून नीट करू, असं स्वतःला सांगितलं. सणानंतर गाडी यार्डात नव्हती. तेव्हा ती निळी होती.

तो तसाच पालथा पडून राहिला, कारण उठलं की तोंड दाखवावं लागणार होतं.

"काय बाबा? गंज आहे?"

"नाही."

"मग?"

मास्तर चहाचा कप हातात धरून वाकून बघत होते. एकोणीस वर्षं हा साधा माणूस बायकोला शेजारी बसवून दोन मेलेल्या गाड्यांच्या जोडावर बाजाराला जात होता, आणि साठच्या वर गेला नाही म्हणून जिवंत होता.

"काही नाही," काम-वेंग म्हणाला आणि हात पुसले. "पांढरी घे."

परतीच्या वाटेवर सूक-हानने त्याला फाडून खाल्लं. चुंबक घसरलं का? नाही. इंजिन वाईट? नाही. मग त्या चाळणीपेक्षा ही लोण्यासारखी गाडी वाईट कशी? काम-वेंगला सांगायचं होतं. दोनदा त्याने तोंड उघडलंही. पण सांध्याबद्दल सांगायचं तर तो कुणाचा हे ती विचारणार, आणि तो खोटं बोलला तरी मणी खोटं बोलणार नव्हते. गॅरेजमध्ये तिला वेल्डिंग शिकवताना त्यानेच दाखवलं होतं, बघ, माझे मणी उलटे, ही माझी सही.

तेव्हा त्याच्या तोंडून जे निघालं त्याची त्याला पुढे आठ दिवस लाज वाटली. "तुझ्या जन्मवर्षाला पिवळा रंग चालत नाही," तो म्हणाला.

सूक-हानने गाडी कडेला घेतली आणि वळून त्याच्याकडे बघितलं. "काय म्हणालात?"

"गाडी रंग बघून घ्यावी माणसाने. अपघात होतात."

"तुम्ही? तुम्ही हे बोलताय? आई देव्हाऱ्यात संत्री ठेवते ती उचलून खाणारे तुम्ही?"

पण घरी योक-लिनच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, कानावर हे गेलं तेव्हा तिला आनंदाचं भरतं आलं. चाळीस वर्षं या नास्तिकाशी संसार करून ती थकली होती. "शेवटी म्हाताऱ्याला अक्कल आली," ती म्हणाली. "यात वाद कसला घालता? देवाला विचारू. देव नको म्हणाला तर पांढरी, हो म्हणाला तर पिवळी. आणि यानंतर कुणी तोंड उघडायचं नाही."

काम-वेंगला वाटलं, बरं झालं. देव नको म्हणेल. देवाला तर सगळं माहीत असतं, असं हीच सांगते.

बुधवारी सकाळी तिघं चुनखडीच्या डोंगरातल्या गुहेतल्या देवळात गेली. आत उदबत्त्यांचा धूर होता आणि छतातून पाणी ठिबकत होतं. देवाला विचारायचं ते लाकडाच्या दोन चंद्रकोरी तुकड्यांनी. एक बाजू सपाट, एक फुगीर. खाली टाकल्यावर एक सपाट आणि एक फुगीर पडलं तर देवाचा होकार. लागोपाठ तीन होकार मिळाले की विषय संपला.

"तूच टाक," योक-लिन म्हणाली. "शंका तुला आहे."

काम-वेंग गुडघ्यांवर बसला. त्याने मनात देवाला सगळं सांगितलं, कुणालाही कधी न सांगितलेलं, पत्रा संपला होता इथपर्यंत. मग म्हणाला, माझं तोंड उघडत नाही, तू नको म्हण, पुढे जन्मभर तुझी संत्री खाणार नाही. एवढं सांगूनही त्याचा भरवसा नव्हता. हातात कसब होतं, ते त्याने वापरलं. दोन्ही तुकडे सपाट बाजू खाली धरून अगदी जमिनीजवळून सोडले, म्हणजे दोन्ही सारखे पडावेत.

एक तुकडा उसळला आणि उलटा झाला. होकार.

दुसऱ्यांदा त्याने हात आणखी खाली नेला. पुन्हा होकार. तिसऱ्यांदा तुकडे त्याने नीट धरण्याआधीच हातातून निसटले. एक गोल फिरत फिरत योक-लिनच्या पायाशी गेला आणि सपाट पोट वर करून पडला. दुसरा पालथा होता.

सूक-हानने आनंदाने टाळी वाजवली. योक-लिन जमिनीला कपाळ टेकून आभार मानत होती. इतकी वर्षं काम-वेंगचा देवावर विश्वास नव्हता आणि त्याला कधी भीती वाटली नव्हती. आज दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या. माझ्या आड लपतोस काय, असं कुणीतरी त्याला बजावलं होतं, आणि पोरीला त्याच गाडीत बसवलं होतं.

शनिवारी सूक-हानने मास्तरांचे पैसे चुकते केले, कागद आपल्या नावावर करून घेतले आणि पिवळी गाडी दारात आणून उभी केली. योक-लिनने आरशाला लाल फीत बांधली. शेजारची चार माणसं जमली, कुणी बॉनेटवरून हात फिरवला, कुणी म्हणालं, फूंगच्या पोरीला बघूनच घ्यायची असते गाडी, घरात तज्ज्ञ आहे. काम-वेंग दाराशी उभा राहून दाराखालच्या पट्टीकडे बघत होता. रात्री त्याला जेवण गेलं नाही. "रविवारी सकाळी घाटात," सूक-हानने फोनवर सगळ्यांना सांगितलं होतं.

साठच्या वर न गेलेली गाडी घाटात जाणार होती. कडक वळणावर चाक एकीकडे ओढतं आणि अंग दुसरीकडे जातं, आणि तो सगळा पीळ येतो कमरेवर. जी कंबर त्याने भरलीच नव्हती.

आता हा मनुष्य करून काय बसला, तर पहाटे उठून त्याने बॉनेट उघडलं, एका प्लगची वायर उपसली आणि खिशात घातली. सांगण्याऐवजी चोरी. साडेसहाला सूक-हान बाहेर आली, तिने किल्ली फिरवली, इंजिन लंगडत सुरू झालं. तिने कान दिला, उतरली, बॉनेट उघडलं आणि पाच मिनिटांत आत आली. हात पुढे करून म्हणाली, "द्या."

"काय?"

"वायर. तुटलेली नाही, काढलेली आहे. तुम्हीच शिकवलंय मला, तुटलेलं आणि काढलेलं कसं ओळखायचं." तिचे डोळे भरून आले होते. "बाबा, तुम्हाला मी गाडी घ्यायलाच नको होती ना? मुलीच्या जातीने घाटात जायचं नाही, असंच ना? तसं तोंडावर सांगा. देवाच्या नावाने, रंगाच्या नावाने काय खेळ लावलाय? तुम्ही असे नव्हता."

आता सांग, असं त्याचं मन ओरडत होतं. योक-लिन स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. काम-वेंगने खिशातून वायर काढून दिली. "मीही येतो," तो म्हणाला. त्याला एवढंच सुचलं. ती मरणार असेल तर तिच्या शेजारी आपण असावं, इतकीच त्याची त्या क्षणाची अक्कल होती.

सिंपांग पुलाईपर्यंत रस्ता सपाट होता. काम-वेंगने बूट काढून ठेवले होते आणि उघडे तळपाय गालिच्यावर, बरोबर सांध्याच्या जागी, दाबून धरले होते. पुढे सूक-हानच्या मित्रांच्या चार गाड्या होत्या. चढ सुरू झाला आणि त्या एकेक करून वळणाआड गेल्या. सूक-हानने गियर बदलला. इंजिनाने छान हुंकार दिला आणि रागातही तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. काम-वेंगने ते हसू बघितलं आणि त्याला रडू आवरेना.

पहिल्या उजव्या वळणावर त्याला तळपायाखाली टक् असं काहीतरी लागलं. आवाज नव्हता, नुसता ठोका. दुसऱ्या वळणावर पुन्हा. त्याने दाराकडे बघितलं. वळणावर दाराच्या वरची फट रुंद होत होती आणि सरळ रस्त्यावर पुन्हा मिटत होती. पोर्चमध्ये त्या फटीत नख जात नव्हतं. आता वळणावर बोट गेलं असतं. पुढच्या काचेच्या खांबाच्या मुळाशी पिवळ्या रंगाला केसाएवढी चीर पडली होती. ती काल नव्हती.

"हळू चालव," तो म्हणाला.

"पन्नासवर आहे."

"आणखी हळू."

समोरून भाजीचे ट्रक उतरत होते. डाव्या बाजूला दरी होती. एका ट्रकला वाट देताना तिने जोरात ब्रेक दाबला आणि तळपायाखालचा पत्रा त्याच्या टाचेला अक्षरशः चावला, असा वर उचलला गेला आणि बसला. काम-वेंगला एक जुनी बातमी आठवली. या घाटात कितीतरी वर्षांपूर्वी एक गाडी दोन तुकडे होऊन पडली होती. वर्तमानपत्रात फोटो आला होता काळा-पांढरा, आणि गाडीचा रंग कळेपर्यंत काम-वेंगने दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. मग कळलं की ती हिरवी होती, आणि त्याने जोडलेल्यांत हिरवी एकही नव्हती, म्हणजे आपली नव्हे. त्या दिवशी त्याने दोन ताटं जेवण केलं होतं. मेलेल्या मुलाचं नावही त्याने वाचलं नव्हतं. नंतर त्याने जोडकाम सोडलं, आणि सोडलं म्हणून स्वतःचंच कौतुक करत राहिला.

"थांबव," तो म्हणाला.

"पुढे चहाला थांबणारच आहोत."

"सूक-हान, थांबव! आत्ता! ब्रेक हळू दाब, एकदम नको. आई शप्पथ सांगतो, हळू दाब!"

असा आवाज तिने बापाचा कधी ऐकला नव्हता. पुढे उकडलेली कणसं विकणाऱ्या बाईची टपरी होती. तिथल्या सपाट जागेत तिने गाडी अलगद उभी केली. काम-वेंग उतरला, अनवाणीच, वळसा घालून तिच्या दाराशी आला, तिला हाताला धरून बाहेर काढलं आणि गाडीपासून दहा पावलं लांब नेलं. मग परत जाऊन त्याने सीट पुढे लोटली, गालिचा दोन्ही हातांनी टराटरा फाडला आणि पेचकसने सांध्यावर साचलेली माती खरवडायला लागला. सूक-हान मागून येऊन उभी राहिली. सांधा उघडा पडला. मधोमध त्याचे टाके सुटले होते आणि त्या फटीतून खालचा रस्ता दिसत होता. कणसवाली बाईही येऊन बघून गेली आणि चुकचुकत परत गेली.

सूक-हान वाकली. तिने बोट सांध्यावर ठेवलं आणि डावीकडून उजवीकडे फिरवलं, मग उजवीकडून डावीकडे.

"हे मणी उलटे आहेत," ती म्हणाली.

"माझे आहेत."

मग त्याने सगळं सांगितलं. ट्रक जात होते म्हणून अधूनमधून ओरडून सांगावं लागलं, हे त्याहूनही लाजिरवाणं. ओव्हरटाइम, यार्ड, सणाचा आदला दिवस, न घातलेली नळी, मास्तरांच्या पोर्चमध्ये बोटांना कळलं ते. त्याला वाटलं होतं ती ओरडेल, नाहीतर रडेल. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. एकदा तिने फक्त विचारलं, "आठ दिवस तुम्हाला माहीत होतं?" आणि तो हो म्हणाला. तेव्हा तिने तोंड फिरवलं. त्या फिरवलेल्या तोंडापेक्षा तिने एक थोबाडीत दिली असती तरी त्याला बरं वाटलं असतं.

तिने मित्रांना फोन करून सांगितलं, येत नाही, गाडी बिघडली. क्रेनवाल्याला फोन केला. ही गाडी चाकांवर खाली न्यायची नाही, उचलून न्यायची, असं दोनदा बजावलं. मग कणसवाल्या बाईच्या बाकावर जाऊन बसली. काम-वेंग तिच्यापासून थोडा लांब, बाकाच्या टोकाला टेकला.

"मी पांढरी आणतो," तो म्हणाला. "माझ्या पैशाने. तिचा एकेक इंच मी उघडून बघतो. आणि मास्तरांनाही भेटून सांगतो सगळं. या गाडीचे तुकडे मी माझ्या हाताने करतो, परत कुणी—"

"बाबा," ती म्हणाली, "अशा किती जोडल्या तुम्ही?"

आकडा त्याला पाठ होता, विसरायचा प्रयत्न करूनही.

"अकरा."

"ही अकरावी?"

"चौथी."

सूक-हानने मान डोलावली. इस्पितळात कुणी पाठ धरून यायचं तेव्हा ती अशीच शांतपणे मान डोलावत असे, मग एकेक प्रश्न विचारत असे.

"नळी कितीत घातली नव्हती?"

"बाकी सगळ्यांत घातली होती," तो म्हणाला, आणि मग खाली बघून म्हणाला, "बहुतेक. आठवीत आणि नववीतही पत्रा कमी होता."

"त्या कुठे आहेत?"

"मी कधी विचारलं नाही."

"आज रविवार आहे," ती म्हणाली. "त्यांत आत्ता कोण बसलंय, बाबा?"

वरून गाड्या उतरत होत्या, जुन्या, नव्या, माणसांनी भरलेल्या. काम-वेंग बाकावरून उठला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला, आणि प्रत्येक गाडीच्या दाराची फट बघायला लागला.